रोज एकच फोटो

निवृत्तीनंतर छंद हवा, असं घरची माणसं सांगतात. आपण दिवसभर घरात नको, हे त्यांना असं सभ्यपणे म्हणता येतं. मी कॅमेरा घेतला, रोलवाला, जुना. विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. दोन गल्ल्या सोडून थोरल्या भावाचं शिंप्याचं दुकान होतं. एक मशीन, एक आरसा आणि ठरलेल्या तारखेला न मिळालेल्या कपड्यांचा ढीग.

चारच्या सुमारास दादा मशीन थांबवायचा आणि बटणं लावायला खिडकीशी उजेडात येऊन सुई ओवायचा. पंच्याहत्तरीच्या डोळ्यांना ते सोपं नव्हतं. दोरा पाच-सहा वेळा हुकायचा. मग एकदाचा जायचा, आणि दादा मान वर करून बघायचा. चेहरा आठ वर्षांच्या मुलाचा, आता कोणीतरी शाबास म्हणणार असा. अर्धा सेकंद. मग पुन्हा शिंपी.

मला तो अर्धा सेकंद हवा होता.

नियम मीच केले. रोज एकच फोटो. दादाला काही करून दाखवायला सांगायचं नाही. चुकला तर उद्या. चाळीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला नियम नसला की काम सुचत नाही, आणि नियम असला की काम करावं लागत नाही.

सात महिने गेले. फोटोंत दादाचा भांग आला, मिटलेले डोळे आले, एकदा शिंकही आली.

"छोट्या, आला का?" मी सहासष्ट वर्षांचा, पण दादासाठी छोट्याच.

"लवकर दाबलं."

"काल उशिरा दाबलंस. दोन्ही मिळून मध्ये कुठेतरी घे की."

"तू कपडे वेळेवर दे, मी फोटो वेळेवर काढतो."

"मग राहू दे. दोघंही सुखात आहोत."

एका बुधवारी तो दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करत सांगू लागला, "मास्तरांची पॅन्ट दिली काल. म्हणाले, मुलाच्या लग्नाला घालायची होती. म्हटलं, मग घाला की. तर म्हणाले, नातू पहिलीत गेला."

मी हसलो. पोट धरून, डोळे मिटून हसलो. डोळे उघडले तेव्हा दोरा पहिल्याच फटक्यात गेलेला होता, दादाची मान वर होती आणि चेहऱ्यावरचं ते मावळत होतं. कॅमेरा माझ्या पोटावर लोंबत होता.

"हुकलं ना?" दादा म्हणाला. "थांब, दोरा काढतो. पुन्हा ओवतो. तोंडही तसंच करतो, काय करायचं ते सांग."

"नको. नियम आहे. उद्या."

"बरं, उद्या," म्हणून त्याने बटण लावायला घेतलं.

गुरुवारी दुकान उघडलं नाही. सकाळी दाढी करताना दादा खाली बसला, तो उठलाच नाही.

आठवड्याने वहिनींनी भिंतीवर लावायला फोटो मागितला. मी दोनशे नऊ घेऊन गेलो. त्यांनी सगळे पलंगावर पसरले, चष्मा पुसला, एकेक उचलून पाहिला.

"भावोजी, यांत ते आहेत कुठे? हा भांग आहे. हा हात आहे. वर बघतानाचा एकही नाही?"

"नाही."

"एकदा म्हणायचं होतं, दादा, इकडे बघ. त्यांनी बघितलं असतं."

"तसा नियम होता."

"कोणाचा?"

"माझा."

वहिनींनी फोटो तारखांप्रमाणे नीट लावून पाकिटात घातले, कपाटातून एक पासपोर्ट फोटो काढला आणि मोठा करून आणायला माझ्याकडे दिला. कुठल्याशा ओळखपत्रासाठी काढलेला. त्यात दादा सरळ समोर बघतो आहे, कोणीतरी बघायला सांगितलं म्हणून.

फ्रेमवाल्याने तो उजेडात धरला. "चांगला आलाय. कोणी काढला?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "एका मिनिटात काढून दिला म्हणे."