पडद्याबाहेरची ओळ

कामाची घाई असली की आपण सगळेच काही ना काही तपासायचं सोडून देतो. ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणतो, आणि बहुतेक वेळा खरंच काही होत नाही. विनितानंही तेच केलं होतं.

ही गोष्ट २००३ सालची. विनिता बोळिंजला राहायची आणि माणिकपूरच्या एका धर्मादाय दवाखान्याचं संगणकाचं काम बघायची. तिथल्या प्रयोगशाळेतले अहवाल मराठीत छापून देणारा प्रोग्रॅम तिनं लिहिला होता. मराठी अक्षरं छापण्याचा भाग मात्र तिचा नव्हता. परदेशातल्या कुणा भल्या माणसानं तो लिहून इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत आणि उघडा ठेवला होता. कुणीही घ्यावा, वाचावा, सुधारावा. त्याच्या पानावर एक लांबलचक आकडाही होता. उतरवलेलं पॅकेज, म्हणजे त्या भागाची जुडी, अस्सल आहे की नाही, हे त्या आकड्याशी ताडून बघायचं. विनितानं ते पॅकेज दुसऱ्याच साइटवरून घेतलं, कारण तिथून लवकर उतरत होतं. आकडा काही ताडला नाही. नव्या सोयीचं उद्घाटन दोन दिवसांवर आलं होतं.

तीन महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका मंगळवारी सत्यवती दवाखान्यात आली. खाडीकाठच्या गावात भातशेती करणारी बाई. तिच्या मुलीवर, दिपिकावर, क्षयाचे उपचार चालू होते. दिपिकाचं लग्न ठरलेलं, त्यामुळे घरच्यांशिवाय कुणाच्या कानावर ही गोष्ट घातलेली नव्हती.

“घरी फोन आला,” सत्यवती म्हणाली. “कोन मानूस होता, म्हाईत नाय. हळूहळू बोलत होता, घरचा असल्यासारका. म्हनतो, पोरीचा खोकला कसा हाय? दुसरी थुंकी पन खराब आली ना? माज्याकडं औषद हाय, म्हनतो.”

सगळ्यांच्या नजरा सेलिनकडे वळल्या. अठरा वर्षं प्रयोगशाळा सांभाळणारी सेलिन. अहवाल तिच्याच हातून जात.

“मी कुणाला एक शब्द सांगितलेला नाही,” ती म्हणाली. पण मोठ्या डॉक्टरांनी तिच्याकडे लेखी खुलासा मागितला आणि तिला तोवर घरी बसायला सांगितलं.

विनिता तिथंच होती. तिला वाईट वाटलं. तेवढ्यात जाता जाता सत्यवती म्हणाली, “आनी मला सत्यवंती म्हनत होता. जल्मात कोनी मला त्या नावानं हाक मारली नाय.”

विनितानं जुनी वही काढून उघडली. तिच्यातल्या नोंदी तिनंच संगणकात चढवल्या होत्या. तिच्याच हातून एक अनुस्वार जास्तीचा पडला होता. वहीत नाव बरोबर होतं. अहवालावर आईचं नाव छापलंच जात नसे. म्हणजे ‘सत्यवंती’ नावाची बाई फक्त त्या यंत्राच्या पोटात होती, आणि फोनवरचा माणूस तिला नावानं ओळखत होता!

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळा जेवणासाठी बंद झाली, तेव्हा विनिता आतच थांबली. सेलिनची खुर्ची रिकामी होती. बाहेर व्हरांड्यात बाकावर पेशंट पेंगत होते. नोंदी यंत्रातून बाहेर जातात कशा, हे तिला बघायचं होतं. विनितानं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ती यंत्राकडे नुसती बघत बसली.

बरोबर दीड वाजता, संगणक फोनच्या लाइनला जोडणाऱ्या मोडेमचा हिरवा दिवा लागला. कुणी हात लावला नव्हता. यंत्रानं आपणहून नंबर फिरवला. ओळखीचं किरकिरणं झालं, मग शांतता. नुसते दिवे लुकलुकत राहिले. जणू शेजारी बसून कुणीतरी एकेक नोंद बोट ठेवून वाचत होतं. चार मिनिटांनी दिवे विझले.

ती दार उघडून बाहेर धावली, तर समोर ज्युलियस सर. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, दवाखान्याच्या फोनच्या लाइनी सांभाळणारे.

“रोज याच वेळेला लाइनवर बोलतं ते यंत्र,” ते म्हणाले. “मला वाटलं, तूच तसं लावून ठेवलंयस.”

“नाही सर,” विनिता म्हणाली. “मी नाही लावलं.”

प्रोग्रॅममधला तेवढाच भाग विनिताचा नव्हता, म्हणून दोघांनी मिळून ते पॅकेज उघडलं. ओळीमागून ओळी, सगळ्या सरळ, साध्या. मग विनिताच्या लक्षात आलं, की एका फाइलची रुंदी पडद्यात मावत नाहीये. ती उजवीकडे सरकत गेली. कोरं. आणखी सरकली. कोरंच. बराच वेळ कोऱ्या जागेतून गेल्यावर तिथं एक ओळ होती. रोज दीड वाजता फोन लावून इंटरनेटला जोड, नोंदी पाठव, खुणा पूस. मूळ लेखकाच्या पॅकेजात ती ओळच नव्हती. वाटेत कुणीतरी घातली होती.

“काढून टाकते,” विनिता पुटपुटली. “कुणाला कळायचंही नाही. यापुढे असलं फुकटचं काही वापरणार नाही मी.”

“फुकटचा काय दोष?” सर म्हणाले. “उघडं होतं म्हणून तर तुला ती ओळ सापडली! पेटीबंद असतं तर काय दिसलं असतं? आमच्या बावखलाचं, गावच्या तळ्याचं, पाणी सगळ्यांच्या वाड्यांना जातं. त्यात कुणी घाण टाकलेली दिसली, तर बघणारा आपला रहाट तेवढा बंद करून गुपचूप घरी जातो का? ओरडतो तो! आणि सेलिनचं काय?”

“माझं काम जाईल, सर.”

“जाईल कदाचित. पण आत्ता तिचं चाललंय. तुझ्यापायी.”

विनिता उठली आणि थेट मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली. “डॉक्टर, सेलिनताईंचा दोष नाही. चूक माझी आहे!”

त्याच दिवशी तिनं मूळ लेखकाला ईमेल लिहिली. त्यानं ती सर्वांपुढे मांडली. आठवड्याभरात उत्तरं येऊ लागली. एका कॉलेजातून, एका दूरच्या दवाखान्यातून. एकानं लिहिलं होतं : ‘आमचंही यंत्र दुपारी आपोआप जागं व्हायचं. कुणीतरी आत शिरतं असं वाटून आम्ही त्या खोलीला कुलूप लावलं होतं.’ आत जे होतं, त्याच्यावर कुलूप लावून हे लोक निर्धास्त झाले होते!

सेलिन कामावर परतली. दवाखान्याचं काम मात्र विनिताच्या हातून गेलं. सेलिन तिला स्टेशनजवळ भेटली. “माझ्या मुलानं मला काहीच विचारलं नव्हतं,” ती म्हणाली. “नुसता बघायचा. काल पहिल्यांदा माझ्याशी जेवताना बोलला.”

मग विनिता सत्यवतीच्या घरी माफी मागायला गेली. सत्यवतीनं पाणी दिलं. दिपिकाच्या होणाऱ्या सासरी तिनं स्वतःच जाऊन सगळं सांगितलं होतं. त्यांचं उत्तर अजून आलं नव्हतं.

दिपिका दारात उभी होती. “ताई, त्या मानसाकडं माजं जे काय गेलंय, ते परत आनता येल?”

“नाही गं,” विनिता म्हणाली.

“मंग तो कोन हाय, ते तरी कळंल?”

“तेही ठाऊक नाही.”

दिपिकानं मान हलवली आणि आत गेली. आत फोन वाजला. घरातलं कुणीच उचलायला उठलं नाही.

मित्रहो, अनोळखी माणसांनी विश्वासानं उघडं ठेवलेलं ज्ञान जरूर घ्या. पण ते वाचा, ताडून बघा, आणि त्यात विष सापडलं तर सर्वांत आधी इतरांना हाक मारा. आपल्या हाती जेव्हा दुसऱ्याचं गुपित असतं, तेव्हा आपली चूक आपल्या एकट्याची राहत नाही.