डावीकडची ताई

दुपारी पार्लरमध्ये गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून धाकटी बायकांच्या मासिकाचा नवा अंक चाळत बसली. सुरकुत्या घालवणाऱ्या क्रीमची पानभर जाहिरात आली. डावीकडे ‘वापरण्यापूर्वी’, उजवीकडे ‘वापरल्यानंतर’, आणि दोन्हीकडे तिची सख्खी ताई!

तिने लगेच फोन लावला. "ताई, तू हे कसलं क्रीम लावलंस गं?"

"क्रीम? मी साधी पावडरसुद्धा लावत नाही. का गं?"

धाकटीने पुन्हा नीट पाहिलं. उजवीकडचा फोटो ताईचं नवीन लग्न झालं तेव्हाचा होता. डावीकडचा गेल्या वर्षीचा, ती तापाने फणफणली होती तेव्हाचा. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. दोन्ही फोटो भावोजींनीच काढलेले. जाहिरातींसाठी फोटो काढणं हाच त्यांचा धंदा.

तिने अडखळत सगळं सांगितलं.

"मला वाटायचं, हे माझ्या काळजीने उशाशी बसलेत," ताई म्हणाली. "थांब, मी बॅग भरून तुझ्याकडेच येते."

ती आली. पान पाहताच खुर्चीत बसली, आणि तिचा चेहरा अगदी डावीकडच्या फोटोतल्यासारखा झाला.