केसाएवढी फट

दोन वाजून दहा मिनिटांनी वहिनींनी शेवटचा डाख दिला, हलकीशी फुंकर घातली आणि भिंग कपाळावर सरकवलं.

“झालं, भावोजी! या आता, आणि शिंकू नका.”

वरच्या खोलीत चार लाकडी घोड्यांवर फळ्या टाकून धाकट्या दिरांनी आपली चिमुकली रेल्वे मांडली होती. बाहेरून एक मार्ग, आतून एक मार्ग. या मार्गावरची गाडी त्या मार्गावर नेणारी तिरपी वाट, म्हणजे दोन सांध्यांचा जोड, तेवढी बाकी होती. तो वहिनी हातांनी बांधत होत्या. काडीएवढा रूळ घ्यायचा, कानशीने घासून त्याचं टोक सुईसारखं करायचं आणि तांब्याच्या पट्टीवर डाखाने बसवायचा. सहा आठवडे हेच चाललं होतं. देवाने माणसाला हात दिले ते दिलेच, वर हातांना वेडही दिलं. नाहीतर हे कुणी केलं असतं? पहिले दोन जोड फसले होते. कापलेल्या रुळाच्या फटीवर चाक आदळायचं आणि इंजिन आडवं व्हायचं. हा तिसरा.

चार वाजता दिरांचे रेल्वेवेडे मित्र बघायला यायचे होते. दिरांनी सकाळीच बजावलं होतं, “चारच्या आत गाडी पलीकडे गेली, तर तुमचा जोड. नाहीतर दुकानातला बसवणार. आणि एकदा रुळांभोवती खडी चिकटवली की मी उखडणार नाही हां, देव सांगायला आला तरी!”

“देवाला मध्ये आणू नका,” वहिनी म्हणाल्या होत्या, “त्याला माझी बाजू घ्यावी लागेल.”

आता जोड जागेवर बसला. तारा जोडेपर्यंत तीन वाजत आले. दोन्ही मार्गांवर एकेक इंजिन ठेवलं. दिरांनी हलकेच बटण फिरवलं.

कंट्रोलरचा लाल दिवा पेटला. इंजिनं वीतभरही हलली नाहीत.

“शॉर्ट!” दीर वाकून बघू लागले. “दोन्हीकडची वीज एकमेकींत घुसतेय. वहिनी, चार ठिकाणी फट ठेवायची होती ना? केसाएवढी?”

“ठेवली होती की.”

“मग कुठाय?”

“बुजवली.”

“बुजवली?”

“अहो, पंचवीस वर्षं कवळ्या घडवतेय मी! फट राहिली की तिथे घास अडकतो, आणि दुसऱ्या दिवशी आजोबा दारात. फट दिसली की हात थांबतो का? डाख भरला, घासला, चकाकी आणली. बोट फिरवून बघा, कळतंय का?”

दिरांनी बोट फिरवलं. खरंच कळत नव्हतं. ते जे हसत सुटले, ते भिंतीला टेकून खालीच बसले.

“इतकं सुंदर वाटोळं आजवर कुणी केलं नसेल!” डोळे पुसत ते म्हणाले आणि त्यांचा हात दुकानातून आणलेल्या जोडाच्या खोक्याकडे गेला.

“हात लावाल तर बघा!” वहिनी कडाडल्या. “चारला अजून तास आहे.”

“कापाल, पण चाक पुन्हा आदळणार. भराल, तर वीज पुन्हा जाणार.”

“भरायचं, पण वीज जाणार नाही अशा...”

वहिनी थबकल्या. आणि काय सांगावं, चेहरा असा उजळला की जणू कुणी आतून दिवा लावला!

“हिरडी!” त्या ओरडल्या आणि दोन-दोन पायऱ्या गाळत खाली धावल्या.

त्यांचे यजमान पेपरातून डोकावले. “काय जळलं?”

“काही नाही! हिरडी न्यायला आलेय!”

यजमानांनी मान डोलावली आणि पान उलटलं. संसार जुना होता.

वहिनी कामाच्या खोलीतली, कवळीची हिरडी बनवायची गुलाबी पूड आणि द्रवाची बाटली घेऊन वर आल्या. बारीक करवतीने चारी फटी पुन्हा कापल्या. पूड द्रवात कालवली, सुईच्या टोकाने फटीत भरली. आता ती कडक होईपर्यंत थांबायचं.

“फुंकर मारू?” दीर हळूच म्हणाले.

“मारा, आणि उडवा सगळं! गप्प बसा.”

चारला बारा मिनिटं होती, तेव्हा नखाने टोचून बघितलं. दगड! वहिनींनी कानस फिरवली, चार फटके, सहा फटके. चकचकीत रुळावर चार गुलाबी ठिपके.

“गाडीला हिरड्या!” दीर पुटपुटले, पण हसायला श्वास कुठे होता? बटण फिरवलं. लाल दिवा पेटला नाही. इंजिन निघालं, तिरप्या वाटेला लागलं, पहिला ठिपका, दुसरा... आदळलं नाही, अडखळलं नाही, लोण्यावरून बोट फिरावं तसं पलीकडच्या मार्गावर गेलं!

“गेलं! वहिनी, गेलं!” दीर टाळ्या पिटत होते. “मागे आणतो, डबे जोडून आणतो!”

“सरका, ते बटण द्या इकडे. माझा जोड आहे!”

खाली घंटा वाजली. मग पुन्हा वाजली.

“अगं, पाहुणे आलेत, दार कोण उघडणार?” खालून यजमान.

“तुम्हीच उघडा!” दोघं एका सुरात ओरडले. पाच डब्यांची गाडी नुकतीच तिरप्या वाटेला लागली होती.