डावी पाकळी पडत नाही

"पडली! उजवीच पडली!" अख्खं मैदान ओरडत उठलं. गुहागरजवळच्या आमच्या गावात महिपतरावांची प्रचारसभा होती आणि भाषणाआधी व्यासपीठावर चमत्कार चालला होता. कुठूनसे आणलेले एक बुवा, त्यांच्यापुढे पाटावर उभी केलेली काळी शिळा आणि शिळेच्या दोन्ही अंगांना ओल्या चिकटवलेल्या जास्वंदीच्या पाकळ्या. आमच्याकडे देवाला असाच कौल लावतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दरवेळी उजवीच पडत होती आणि बुवा दरवेळी माईकवर किंचाळत होते, "देव बोलला! महिपतरावच निवडून येणार!"

मीही महिपतरावांचाच माणूस. औषधांचं दुकान बंद ठेवून, गळ्यात पक्षाचा गमछा घालून पुढच्या रांगेत बसलो होतो. घोषणा देऊन घसा कोरडा पडला होता. शेजारी येसूबाई होती. तिच्या सुनेचं, तेजलचं, पहिलं मूल चिपळूणच्या वाटेवर रिक्षातच गेलं. गावात आरोग्य केंद्राची इमारत आहे, तिला रंगही लावलाय, पण डॉक्टर नाही. तेजलला आता पुन्हा आठवा महिना लागलाय. "दाक्तर कदी येनार, येवडाच इचारायचा हाय मना," असं म्हणत येसूबाई सकाळपासून उन्हात बसून होती.

ती विचारायला उभी राहिली, तोच बुवा गरजले, "बस खाली! देवाने होकार दिलाय. आता जो शंका काढील, त्याच्या घरातल्या पोटुशीला भोगावं लागेल!"

येसूबाई मटकन खाली बसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बुवांनी पुन्हा कौल लावायला घेतला. या खेपेला मी पाकळ्यांकडे न बघता त्यांच्या हातांकडे बघत राहिलो. पाकळी लावण्याआधी बुवा बोटांना खोबरेल चोळत होते. देवाचं तेल म्हणे! भर चैत्रात आमच्याकडे बोटांना तेल चोळतो तो फणस कापायला बसणारा.

मी पायऱ्या चढलो. आपलाच गमछा बघून कार्यकर्त्यांनी वाट दिली. उजवी पाकळी एव्हाना पडली होती.

"बुवा, डावी मी काढू का?"

"हात लावू नकोस, जळशील!"

"जळलो तर मलम दुकानात आहे माझ्या."

मी पाकळी ओढली. ती फाटली, अर्धी शिळेलाच राहिली आणि मागोमाग पांढरी चिकट तार निघाली. मी बोट वर धरलं. पुढच्या रांगेतून येसूबाईच ओरडली, "आगो, ह्यो तर फनसाचा चीक!" बायका खदखदून हसल्या.

मी माईक ओढला. "उजवी नुसत्या पाण्याने लावलीय. समोर पंखा फिरतोय, पाणी वाळलं की ती पडते. डावी चिकाने बसवलीय, ती कशी पडेल? आता उजवीला चीक आणि डावीला पाणी लावा, हीच शिळा महिपतरावांना पाडून दाखवेल!"

माईक बंद झाला. महिपतराव दातओठ खात म्हणाले, "सुजय, तू आपला ना रे?"

"आपलाच. झेंडा धरला म्हणून डोकं गहाण नाही टाकलं."

मग माईकशिवायच ओरडून सांगितलं, तेच तुम्हालाही सांगतो. तुमचा पक्ष कुठलाही असो, जिंदाबाद खुशाल म्हणा. पण प्रश्न विचारला तर देव कोपेल असं कुणी म्हणालं, तर त्याचे हात बघा आणि प्रश्न दुप्पट मोठ्याने विचारा.

येसूबाई पुन्हा उभी राहिली. तिच्यामागोमाग बायका उठल्या, मग सगळं मैदान.

"कौल नको मना, महिपतराव. तुमच्या तोंडानं सांगा. दाक्तर कदी येनार?"

महिपतरावांनी सवयीने बुवांकडे पाहिलं. बुवा खाली मान घालून बोटं पुसत होते. आणि मैदानात कुणीच खाली बसायला तयार नव्हतं.