न उचललेला भंडारा

त्या पत्रकात सहा वाक्यं होती आणि सुषमाला त्यात चार चुका सापडल्या.

दौंडला रविवारची उपासना सुटली होती. प्रार्थनाघराच्या दारात ती चपला शोधत असताना कुणीतरी पिवळा कागद तिच्या हातात दिला. 'वडगाव रासाईची बयाबाई क्षयरोगाने मरणाच्या दारात होती. डॉक्टरांनी हात टेकले. आमच्या मंडळीने तिच्यासाठी प्रार्थना केली. आज ती पूर्ण बरी आहे. तिने आपले देव टाकून दिले आहेत. हरवलेले मेंढरू सापडले!' खाली 'ब्रदर संपत' आणि फोन नंबर.

ब्रदर संपत म्हणजे तिचा सख्खा मामा. ती तशीच अनवाणी आत गेली. मामा पेटीवर कापड घालत होते.

"मामा, बयाबाई बरी झालेली नाही. तिच्या अजून चार महिन्यांच्या गोळ्या बाकी आहेत."

"अगं, तूच तर उभी राहून सांगितलंस, रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून. नावगावासकट. मंडळीनं टाळ्या नाही का वाजवल्या?"

हे खरं होतं. सुषमा बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी झालेली. तळेगाव ढमढेऱ्याच्या सरकारी दवाखान्यात ती थुंकीच्या स्लाइड तपासायची. बयाबाईच्या पहिल्या स्लाइडवर निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्यांची नुसती दाटी होती. दोन महिन्यांनी तिनं शंभर जागा तपासल्या, एकही काडी दिसली नाही. त्या आनंदात, उपासनेत साक्ष द्यायची, म्हणजे देवानं काय केलं ते सांगायची, वेळ आली तशी ती उठली आणि बोलून गेली.

"निगेटिव्ह म्हणजे जंतू थुंकीत दिसत नाहीत एवढंच. छातीत दडलेले असतात. आता गोळ्या सोडल्या तर उरलेले उलटून येतील, आणि मग ह्याच गोळ्या लागू पडणार नाहीत. आणि देव टाकले हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ते विश्वासानं लिहिलंय. आज ना उद्या टाकेलच की."

"मी स्लाइड न बघता विश्वासानं रिपोर्ट लिहिला तर मला घरी बसवतील, मामा."

"तुम्हा सायन्सवाल्यांचं हेच. प्रभूचं काम तुझ्या काचेखाली मावत नसतं, बाळ."

"पण प्रभूला मदतीला खोटं लागतं का?"

मामांचा चेहरा लाल झाला. "पाचशे छापलीत," ते म्हणाले. "तळेगावच्या बाजारात मागच्या खेपेलाच वाटून झाली. चपला घाल आणि घरी जा."

पुढच्या बाजाराच्या दिवशी बयाबाई आली नाही.

ती कधी चुकली नव्हती. वडगावाहून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून यायची, आधी दवाखाना, मग भाजीबाजार. आता आठवड्याची पट्टी एकदम मिळायची. पहिल्या गोळ्या सुषमासमोर गिळायच्या, बाकीच्या घरी. गिळण्याआधी ती कमरेची पिशवी सोडून कपाळाला बिरोबाचा भंडारा लावायची. पहिल्याच दिवशी तिनं हळदीची चिमूट सुषमापुढं धरली होती.

"आजी, मी लावत नाही. मी येशूला मानते."

"मग नगं लावू. त्यात राग कसला?" बयाबाईनं चिमूट पुन्हा पिशवीत सोडली. "तुझा द्येव करतो काय?"

सुषमानं हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. शंभर मेंढरं, त्यातलं एक चुकलं, मेंढपाळ नव्व्याण्णव तिथंच सोडून त्या एकाला शोधायला गेला. बयाबाईचं अर्धं आयुष्य कळपामागं गेलं होतं. तिनं कपाळावर हात मारला.

"नव्व्याण्णव कुणाच्या भरवशावर सोडली गं? लांडगा आला म्हंजी? माझ्या सासऱ्यानं असल्याला उभं ऱ्हाऊ दिलं नसतं."

सुषमा हसली. पुढं एकदा थुंकीतून रक्त पडलं आणि म्हातारी भ्याली, तेव्हा सुषमानं विचारलं, "आजी, माझ्या देवापाशी तुमच्यासाठी मागू का?"

"माग की. मी बी बिरोबाला तुझ्यासाठी मागते. बघू कोण आधी ऐकतंय."

एवढंच झालं होतं. त्यात कुणी कुणाला ओढलं नव्हतं आणि कुणी कुणापुढं गप्पही बसलं नव्हतं. मामांनी सहा वाक्यांत त्याची माती केली.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली, गोळ्यांची पट्टी पर्समध्ये घातली आणि वडगावची जीप पकडली.

बयाबाईच्या घरापर्यंत तिला जाऊच दिलं नाही. बिरोबाच्या देवळापाशीच बयाबाईचा मुलगा बन्सी आडवा आला. त्याच्या हातात तोच पिवळा कागद होता, घड्या पडून मळलेला. पारावर दहाबारा माणसं होती. मधे मारुतराव, गावाचे आप्पा. सोसायटीचे चेअरमन, गावात त्यांचा शब्द चालायचा.

"म्याडम, आता कशाला आलाय?" बन्सी म्हणाला. "आईला बाटीवलं, त्येची पावती आणलीय का?"

"गोळ्या आणल्यात. कालचा डोस चुकलाय."

"न्हाई घ्यायची ती. ह्यात लिवलंय की, पूर्ण बरी हाय!"

सुषमाला संतापानं रडू यायला लागलं. "ते खोटं आहे. छापणारा माझाच मामा आहे, तरी सांगते, ते खोटं आहे."

"मग सोपं काम हाय, बाई," मारुतराव म्हणाले. आवाजात चढ नव्हता. त्यांनी पुजाऱ्याकडून ताटली मागवली. भंडारा, वर बेलाचं पान. "बिरोबाम्होरं हा भंडारा उचला. म्हणा, ह्या गोळ्या मी बाटवायसाठी दिल्या न्हाईत, आन् म्हातारीम्होरं येशूचं नाव काढलं न्हाई. उचललात की आम्ही मोकळे, तुम्ही मोकळ्या."

ताटली तिच्यापुढं आली. हात पुढं करायचा, दोन वाक्यं म्हणायची. अर्ध्या मिनिटात बयाबाईच्या पोटात गोळ्या. तिचा हात खरंच थोडा उचलला गेला. मग तिनं तो मागं घेतला.

"आप्पा, पहिलं खरं आहे. दुसरं नाही. मी त्यांना येशूची गोष्ट सांगितली. एकदा प्रार्थनाही केली. विचारून केली."

पारावर गलका झाला. "बघा! कबूल झाली!" बन्सी ओरडला.

"झाले. आणि मी भंडारा उचलणार नाही."

"का? बाटाल?" मारुतरावांनी विचारलं.

"तुमच्यासाठी तो देव आहे. मी त्याला मानत नाही, हे मी आजींना पहिल्या दिवशीच सांगितलंय. मग मी उचलला तर ती काय शपथ झाली? नुसती हळद उचलल्यासारखं होईल. तुमच्या देवळात उभी राहून मी तुमच्या देवाची अशी थट्टा करू?"

"तुमच्या येशूची घ्या मग!" मागून कुणीतरी म्हणालं.

"आमच्यात शपथ घेऊच नका असं सांगितलंय. होय तर होय, नाही तर नाही." मग तिचा आवाज फाटला. "माणूस मरेल हो! तुम्ही कागद धरून बसलाय, मामा कागद छापून बसलेत. मध्ये ती एकटी मरेल!"

"कोण मरंल गं?"

गर्दीतून वाट काढत बयाबाई आली. पदर खोचलेला, काठी हातात. कुणीतरी तिला निरोप दिला असावा. बन्सी म्हणाला, "आई, तू घरला जा."

"गप ऱ्हा. कागद आण हिकडं. पयलं तुलाच वाचता येत न्हाई, दुसऱ्याकडून ऐकून नाचतोय." तिनं कागद सुषमाकडं ढकलला. "तू वाच."

सुषमानं सगळी वाक्यं वाचली. देव टाकल्याचं ऐकून बयाबाईनं कमरेची पिशवी चाचपली. शेवटचं वाक्य ऐकून ती थांबली.

"हरवलेलं मेंढरू म्हंजी मी?"

"हो, आजी."

"मी कवा हरवले? हितंच जलमले, हितंच दिली, हितंच बसलेय. कुणी हुडकायला सांगितलं व्हतं त्येला?" तिची काठी जमिनीवर आपटली. "आन् तू. प्रार्थना करताना इचारलंस. माझं नाव तुझ्या लोकांत सांगताना इचारलंस?"

सुषमानं येताना वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती, मामांविरुद्ध. ती सगळी बाजूला पडली.

"नाही विचारलं."

"मग?"

"माझी चूक झाली, आजी."

बयाबाईनं ती ताटली ओढली आणि मूठभर भंडारा उचलला.

"बिरोबा, ऐक. ह्या पोरीनं मला बाटीवलं न्हाई. मी हरवले न्हाई. आन् ह्या गोळ्या मी शेवटपत्तूर खाईन, पोटात आग पडली तरी." तिनं मूठ कपाळाला लावली. "झालं का आप्पा? का आणखी कुणाला उचलायचाय?"

मारुतरावांनी सुषमाच्या हातातला कागद घेतला, त्याची घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. "पण बाई, हे पाचशे हायेत. हितं तुम्ही खरं बोललात, तितं कोण बोलायचं?"

"मी बोलेन."

"शपथ नगं," बयाबाई म्हणाली. "नुसतं बोल."

तिनं पाणी मागवलं. बन्सीनंच तांब्या आणून दिला, सुषमाकडं न बघता. पट्टीतल्या त्या दिवसाच्या गोळ्या एकेक करून गिळून झाल्यावर बयाबाईनं तोंड उघडून दाखवलं, दवाखान्यात दाखवायची तसंच.

पुढच्या रविवारी दौंडच्या प्रार्थनाघरात साक्षीची वेळ आली तेव्हा सुषमा उठली. मंडळी कौतुकानं मागं वळली. मामांनी हसून मान हलवली. तिच्या हातातला पिवळा कागद दिसल्यावर त्यांचं हसू गेलं.

"सुषमा, खाली बस."

ती बसली नाही.

"आधी माझी चूक," ती म्हणाली. "बयाबाईंना न विचारता मी त्यांचं नाव इथं सांगितलं. आता ह्या पत्रकाचं. ह्यात सहा वाक्यं आहेत. मंडळीनं प्रार्थना केली, एवढं एक खरं. बाकीच्या पाच चुका मी एकेक सांगते. शेवटचीपासून सुरुवात करते, कारण ती मलासुद्धा आधी कळली नव्हती."