दारातलं घोंगडं

"काम सांगा अण्णा. नुस्तं बसाय मी येत न्हाय." अंबूवैनी दारातच अडून उभ्या राहिल्या. एका हातात सगळ्यांच्या चहासाठी आणलेली दुधाची किटली, दुसऱ्या हातात पदराचं टोक.

"वैनी, आज तुमचा मान हाय. पुढं खुर्चीवर बसा की," मी म्हणालो.

"मान ऱ्हाऊ दे तुमच्यापाशी. काम सांगा."

तालमीच्या माडीवर महिन्यातून एकदा आमचं मंडळ प्रायोगिक लघुपट दाखवतं. म्हणजे ज्यात गोष्ट नसते, नट नसतो आणि संपल्यावर शेजारचा विचारतो, "संपला काय?" मी सोमलिंग, गंगावेशीतला किराणा दुकानदार. मला त्यातलं फार कळतं असं नाही. पण खुर्च्या मांडायला आणि वायरी ओढायला मी नसेन, तर ही शहाणी मंडळी अंधारात एकमेकांच्या पायांवर पडतील.

माडीच्या दाराचं एक फळकूट मोडलंय आणि नेमका समोरच रस्त्याचा दिवा. म्हणून दाराला घोंगडं टांगतो. वाऱ्यानं ते उडतं आणि सगळा उजेड सिनेमावर पडतो, तेव्हा कुणीतरी त्याची कड धरून उभं राहावं लागतं. वैनींना मी तेच काम दिलं.

त्यांचा नवरा ज्ञानू माझा दोस्त. रोज संध्याकाळी म्हैस घेऊन गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर यायचा. गिऱ्हाईक पुढ्यात उभं आणि हा थेट ग्लासात धार काढून देणार. त्या फेसाळ दुधाची चव माझ्या जिभेवर अजून आहे. गेल्या दिवाळीच्या तोंडावर धार काढता काढताच ज्ञानू म्हशीच्या पायाशी कलंडला. घरातून चालत गेलेला माणूस चालत परत आला नाही.

त्याच्या आधी थोडेच दिवस आमच्या गल्लीतल्या आदर्शनं त्याच्यावर लघुपट काढला होता. परवा तो वैनींना म्हणाला, "काकू, काकांचा आवाज हाय त्यात." झालं! तेव्हापासून वैनींना दुसरं काही सुचेना. ज्ञानूकडं साधा बटणाचा फोन, त्याचं बोलणं कुठं म्हणून साठवलेलं नव्हतं.

"फोटो भिंतीवर हाय की अण्णा," त्या मला म्हणाल्या होत्या. "पर आवाज कसा हुता, इसरत चाललोय बघा."

कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या लघुपटात नुसता छताचा पंखा फिरत होता. "पंखा आमच्या घरी पण हाय की," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. मग आदर्शचा लागला.

आणि त्या शहाण्यानं तो उलटा केला होता! शेवटाकडून सुरुवातीकडं. कुणाला सांगितलंही नव्हतं. गिऱ्हाइकाच्या ओठांना रिकामा ग्लास लागला आणि हळूहळू भरत गेला. भरलेला ग्लास ज्ञानूच्या हातात आला, आणि त्यातून दुधाच्या धारा उसळून म्हशीच्या आचळात शिरायला लागल्या.

सगळे खदाखदा हसले. "आयला, म्हशीचं दूध म्हशीला परत!"

"गप बसा की!" मी ओरडलो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

ज्ञानू आणि म्हैस उलट्या पावलांनी गल्लीतून चालायला लागले. हसू विरत गेलं. मग वैनींचं घर आलं. कॅमेरा आत, उघड्या दाराकडं तोंड करून. बाहेरून ज्ञानूची पाठ जवळ जवळ येऊ लागली. त्यानं मागं मागं येत उंबरा ओलांडला, म्हशीचा दोर सोडला आणि वळला. मिश्यांत हसणारा माझा ज्ञानू!

तेवढ्यात तो पांढराफटक पडला. तोंड दिसेना, मिशी दिसेना.

"घोंगडं धरा ओ!" कुणीतरी खेकसलं.

मी मागं बघितलं. कड सोडून वैनी खुर्च्यांच्या मधून पुढं आल्या होत्या, हात थोडा पुढं करून. उडालेल्या घोंगड्यातून रस्त्याचा उजेड सरळ पडद्यावर येत होता. आपण पुढं आलो म्हणून हा पुसला गेला, हे त्यांना कळलं असावं. त्या क्षणभर थांबल्या. मग ज्ञानूवरची नजर न काढता, पाठीमागं एकेक पाऊल टाकत दारापाशी गेल्या आणि त्यांनी कड घट्ट धरली.

ज्ञानू परत स्पष्ट झाला. त्याचे ओठ हलले. पण आवाजही उलटा! कुठल्या परमुलखातला माणूस बोलावा तसं काहीतरी. लघुपट संपला, आणि शेवटच्या चित्रात ज्ञानू आपल्याच घरात आमच्याकडं बघत तसाच उभा राहिला.

ट्यूब लावली. लोक चहा पिऊन गेले. वैनींकडं बघायचा धीर कुणाला झाला नाही, मलाही नाही.

आदर्श लॅपटॉपपाशी वैनींना घेऊन आला. पोराचे डोळे भरले होते. "चुकलं काकू. आधी सांगाय पायजे हुतं. ह्यात सरळ शूटिंग पण हाय. काका काय बोलले ते आत्ता ऐकवतो."

त्याचं बोट बटणावर. वैनी पडद्यावर ट्यूबच्या उजेडात पुसट झालेल्या ज्ञानूकडं बघत होत्या.

"सरळ लावलास की बोलून झाल्यावर काय करत्यात ते?"

आदर्श हळूच म्हणाला, "म्हस घेऊन बाहीर जात्यात."

"मग नगं."

"काकू, पर आवाज..."

"घरात आल्यात न्हवं ते?" वैनी म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे तसंच."

आदर्शनं बोट काढून घेतलं. काहीतरी करायचं म्हणून मी घोंगड्याची दोरी सोडायला गेलो.

"जरा येळानं काढा अण्णा," म्हणत वैनी दारापाशी आल्या आणि त्यांनी पुन्हा कड हातात धरली.

मी ट्यूब बंद केली.