शाई कुणी सांडली?

चौथीच्या वर्गाची सहल परदेशी जायची ठरली. तिथल्या शाळेत बसायचं, तिथल्या घरांत राहायचं आणि चिनी भाषा, लिपी, राहणी जवळून पाहायची, असा बेत होता. वर्गाच्या बाईंनी त्याच संध्याकाळी लेकीला समोर बसवलं. लेक त्यांच्याच वर्गात होती. तिला घरात बिट्टी म्हणत, आणि शाळेतही तेच नाव चिकटलं होतं.

"तिथे मी तुझी आई नाही. बाई. कळलं?"

"शाळेतही तसंच असतं की."

"शाळा दुपारी सुटते. ही आठवडाभर सुटणार नाही. बाई आपल्याच पोळीवर तूप ओढतात, असं कुणी म्हणायला नको."

बिट्टीनं मान डोलावली. मुलगी शहाणी होती. शहाण्या मुलांना आपण किती गृहीत धरतो, हे शहाणपण मात्र मोठ्यांना उशिरा येतं. प्रवासात खिडकीची जागा आधी इतरांना मिळाली. कुणाला मळमळलं की बाई धावत. बिट्टीलाही मळमळत होतं, पण ती डोळे मिटून गप्प बसली आणि बाईंना वाटलं, झोपली.

तिथे पोहोचल्यावर मुलांच्या जोड्या करून एकेका घरी पाठवलं. बिट्टीच्या वाट्याला टकळी आली. टकळी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबत नसे, म्हणून सगळे तसं म्हणत. दोघी गेल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात पाऊल टाकताच टकळीनं बातमी फोडली.

"बाई, यांच्यात आईला मामा म्हणतात! आणि बाबांना बाबाच!"

"म्हणजे बाबा जिथल्या तिथे आणि आईला मिशा फुटल्या," सहलीला सोबत आलेले खेळाचे सर म्हणाले. सगळा वर्ग खिदळला.

"आम्हीपण त्या शिवणवाल्या बाईला मामाच म्हणतो," बिट्टी हळूच म्हणाली. बाईही हसल्या, पण काळजात कुठेतरी बारीकशी टाचणी टोचली.

त्या दिवशी ब्रशनं अक्षरं काढायचा तास होता. शिकवायला एक वयस्कर गुरुजी आले होते. सोबत दुभाषी ताई होती. गुरुजींनी एक लांबलचक कागद पसरला आणि पाहुण्या शाळेला भेट म्हणून त्यावर एक ओळ लिहिली. मनगट हलत नव्हतं, अख्खा हात खांद्यातून फिरत होता. मुलं श्वास रोखून बघत राहिली. ओळ वाळायला ठेवून गुरुजी पाठमोरे झाले, आणि शाईची वाटी उलटली. काळा ओघळ सरळ अक्षरांवरून वाहत गेला. बाईंनी वळून पाहिलं, तर कागदाशी बिट्टी उभी होती, आणि तिची बाही कोपरापर्यंत काळी झाली होती.

"एवढंही भान राहत नाही? जा, बाहेर व्हरांड्यात उभी राहा!"

बिट्टीनं तोंड उघडलं, मिटलं, आणि ती बाहेर गेली.

गुरुजींनी ताईला काहीतरी विचारलं. ताई म्हणाली, "ते विचारताहेत, शाई तिनंच सांडली का? तुम्ही पाहिलंत?"

"ती माझीच मुलगी आहे," बाई ताठ मानेनं म्हणाल्या. विचारलं होतं एक आणि उत्तर दिलं भलतंच, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत टकळी एक शब्द बोलत नव्हती. खेळाच्या सरांनी तिला ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावला, तर ती भोकाड पसरून रडायला लागली. वाटी तिच्या कोपरानं उलटली होती. बिट्टी ती धरायला धावली होती.

बाईंनी ताट बाजूला सारलं. त्या खेळाच्या सरांना म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाचं पोर असतं, तर मी आधी विचारलं असतं."

सरांनी पाण्याचा पेला तेवढा पुढे सरकवला.

व्हरांड्यात बिट्टी अजून भिंतीला टेकून उभी होती.

"तू सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर आपलीच म्हणून बाईंनी ऐकलं, असं झालं असतं."

बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"जास्त द्यायचं नाही, असं आपलं ठरलं होतं," बिट्टी खाली बघत म्हणाली. "कमी द्यायचं कधी ठरलं?"

बाईंनी तिचा हात धरून तिला वर्गात नेलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "मी न विचारता शिक्षा केली. चूक माझी. बिट्टी, मला माफ कर." ताईनं ते गुरुजींना सांगितलं. गुरुजींनी टकळीला बोलावलं, शाई घोटायचा दगड तिच्या हाती दिला आणि नवा कागद पसरला. ती नाक ओढत घोटत राहिली. बाईंनी माफी मागितली याच्या आनंदापेक्षा सगळे आपल्याकडे बघताहेत याची लाजच बिट्टीला जास्त वाटत होती.

संध्याकाळी बाई म्हणाल्या, "आज माझ्या खोलीत झोपायला येतेस?"

"नको," बिट्टी पटकन म्हणाली. "मामा आज शिवणाचं मशीन चालवायला देणार आहे."

मग बाई दोघींना सोडायला गेल्या. शिवणवाल्या बाईनं दार उघडलं, एका नजरेत आई ओळखली आणि स्टुलावरचे कापडाचे तुकडे बाजूला करून त्यांना बसवलं. दोघी बायकांना एकमेकींची भाषा येत नव्हती. मशीन सुरू झालं. टकळी कापड धरून होती आणि बिट्टी पायानं पेडल मारत होती. शिवण चांगलीच वाकडी चालली होती. "सरळ धर," हे शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आले. त्यांनी शेजारी बसलेल्या शिवणवाल्या बाईकडे पाहिलं. ती हात मांडीवर ठेवून निवांत बघत होती. बाईंनीही आपले हात तसेच मांडीवर ठेवले, आणि ती वाकडी शिवण कापडाच्या टोकापर्यंत जाऊ दिली.